नवमीचे चार नट

घट्ट मिस्त्रींना कुठलीही वस्तू ढिली दिसली की बघवत नसे. मग ती कोणाची आहे, हा प्रश्न त्यांना पडत नसे. हिंगणघाटच्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, ते फिटर होते, पण त्यांचं काम जिनिंगच्या फाटकाशी संपत नसे. रस्त्यात कुणाची सायकल उभी असली आणि तिची घंटा हलताना दिसली, तर ती कसूनच ते पुढे जात. आमच्या घरी आले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले, की माझी ताई आधी बरण्या उचलून आत नेई. कारण एकदा बोलता बोलता त्यांनी लोणच्याच्या काचेच्या बरणीचं झाकण असं फिरवून ठेवलं होतं, की ते उघडायला दुसऱ्या दिवशी त्यांनाच बोलवावं लागलं.

"आता हवा जाणार नाई, बाई," ते समाधानानं म्हणाले.

"हवेचं राहू द्या मिस्त्री, माझा हात गेला पाहिजे," ताई म्हणाली.

त्यांचं खरं नाव फक्त हजेरीबुकात होतं. माणूस बुटका, डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं, आणि कमरेला पाना खोचलेला. "हातानं कसलं ते कसलं नाई," हे ते दिवसातून चार वेळा तरी म्हणत. जिनिंगमध्ये नव्यानं लागलेल्या माणसाला हे वाक्य पहिल्याच दिवशी ऐकावं लागे, आणि जुन्या माणसांनी त्याची नक्कल करायला शिकवणं हाही तिथला रिवाजच होता.

मी त्या वेळी तेवीस वर्षांचा होतो. नागपूरला वकिलीच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन ताईकडे राहायला आलो होतो. जिनिंग ताईच्या यजमानांचं, म्हणजे माझ्या भाऊजींचं. त्यांनी मला ऑफिसात बसवलं होतं, आणि बसण्याखेरीज मी तिथे काही करत नव्हतो. अशा माणसाच्या हाती मोटार द्यायची नसते. पण नागपूरहून विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनियरची गाडी भाऊजींनी हौसेनं घेतली आणि पंधरा दिवसांत त्यांची हौस फिटली. ती गाडी दोन माणसांची, बिनछपराची, लाल रंगाची आणि इतकी बुटकी होती, की तिच्यात बसल्यावर शेजारून जाणाऱ्या बैलाचे गुडघे डोळ्यांसमोर येत. भाऊजींचं पोट आणि तिचं चाक यांचं जमेना. गाडी माझ्याकडे आली.

पहिल्याच महिन्यात मी ती वणा नदीच्या पुलापलीकडे रस्ता सोडून एका शेतात घातली. गाडी एका कुशीवर कलली आणि कशीबशी सावरली. मला काही झालं नाही, पण ज्या शेतकऱ्यानं बैल लावून गाडी बाहेर काढली त्यानं सगळी हकीकत ताईला सांगितली. ताई भाऊजींना म्हणाली, "एक तर गाडी विका, नाही तर याचं डोकं शाबूत राहील असं काही तरी करा." भाऊजींनी मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलंच नाही. मला म्हणाले, "बाबू, बसा आत." मी बसलो. त्यांनी एक लांब काठी गाडीच्या नाकावर टेकवली आणि माझ्या डोक्यावरून मागे नेली.

"उलटली त जमिनीले आधी काय लागन?"

"ती उलटणार नाही, मिस्त्री."

"उलटन का असं मी इचारलं नाई. काय लागन?"

मी विचार करून म्हणालो, "समोरची काच."

"काच फुटन. मंग?"

मी वर काठीकडे पाहिलं.

"मंग तुमी," ते म्हणाले आणि माप घेऊ लागले.

जुन्या बॉयलरचा जाड नळ त्यांनी रेती भरून तापवला, वाकवला आणि त्याची कमान केली. बसण्याच्या जागेमागे, माझ्या डोक्याच्या वर चार बोटं येईल अशी ती उभी केली. खाली लोखंडी पट्ट्या आणि चार जाड बोल्ट. डोकं आपटू नये म्हणून वरच्या भागाला कापूस भरून गोणपाट शिवलं. एवढ्यावर भागलं असं मला वाटलं, तर दुसऱ्या दिवशी ते चामड्याचे पट्टे घेऊन आले. जिनिंगच्या मशीनवरचे जुने पट्टे कापून त्यांनी ते केले होते. दोन्ही बैठकांना सारखेच: दोन्ही खांद्यांवरून एकेक आणि कमरेला एक, त्यांना टांग्याच्या घोड्याच्या साजाच्या कड्या.

"कमान आहे ना आता? मग हे कशाला?" मी विचारलं.

"कमान उलटी गाडी उचलून धरते. पण तुमी कमानीखाली राह्यले पायजे ना? नाई त गाडी इकडे अन् तुमी तिकडे."

मला हे पटलं नाही, तेव्हा त्यांनी करून दाखवलं. जिनिंगच्या आवारात कपाशीचे ढीग पडलेले असत. एका ढिगाशी त्यांनी गाडी नेली, स्वतः आत बसले, पट्टे आवळले आणि सहा माणसांना गाडी ढिगावर पालथी करायला सांगितलं. माणसं कचरली. "लोटा रे, मी का काचेचा हाव?" असं ते ओरडले, तेव्हा कुठे गाडी पालथी झाली. कमानीवर ती अलगद टेकली आणि मिस्त्री आत उलटे लटकले. सगळे वाकून पाहू लागले. मिस्त्रींनी लटकल्या लटकल्या चंचीतून तंबाखू काढली, मळली आणि तोंडात टाकली. "आता काढा ही सरकी बाहेर," म्हणाले.

गावानं मात्र आमची खूप थट्टा केली. कमानीमुळे गाडी बिनतट्ट्याच्या, म्हणजे वरचं बांबूचं छप्पर काढलेल्या बैलगाडीसारखी दिसे. "वर तट्ट्या कधी टाकता?" असं पानठेल्यावरून कुणी तरी रोज विचारी. पट्टे बांधून मी निघालो की, "जुंपले का बाबू?" मला याची इतकी लाज वाटे, की जुंपलेल्या बैलालाही तेवढी वाटत नसावी.

आता मुख्य गोष्ट. ती इतकी वर्षं मी चुकीची सांगत आलो आहे.

माझं लग्न ठरत होतं. मुलगी आर्वीची. तिचे थोरले भाऊ कचेरीत नोकरीला होते आणि दसऱ्याच्या सुटीत मला पाहायला येणार होते. अशा माणसापुढे तट्ट्याविना बैलगाडीतून जाणं मला नको होतं. अष्टमीच्या दुपारी मी मिस्त्रींकडून पाना मागून आणला, कमानीचे चारही नट सोडवले आणि कमान गोदामात ठेवली. संध्याकाळी मिस्त्री पाना न्यायला आले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. जिनिंगमध्ये त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून, हळदकुंकू वाहून पूजेला मांडत. एकदा हत्यार बसलं, की दसऱ्याची पूजा आटोपेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. साधी कातरसुद्धा नाही.

नवमीला पाहुणे एकटेच आले. बिनकमानीच्या गाडीतून मी त्यांना गाव दाखवलं. त्यांना गाडी आवडली. जाम गावच्या रस्त्यानं लांब जाऊन येऊ, म्हणाले. ताईनं दारातच अडवलं. "कमान लावल्याशिवाय गावाबाहेर जायचं नाही." मी धावत मिस्त्रींच्या घरी गेलो. ते ओट्यावर रिकाम्या हातांनी बसले होते आणि त्यांना ते अवघड जात असावं.

"आज पाना बसला हाय, बाबू. उद्या दुपारी लावून देतो. तवरक गाडी अंगणात राहू द्या."

"पाहुणे आजच फिरायला निघालेत."

"मंग पाहुण्याले पायी फिरवा."

मी परत आलो. गाडी गोदामाशी नेऊन कमान जागेवर बसवली आणि चारही नट बोटांनी फिरवले, बोटं दुखेपर्यंत. ताईनं विचारलं, "मिस्त्रींनी लावली?" मी म्हणालो, "हो."

पट्टे बांधताना पाहुणे म्हणाले, "हे काय, मला नांगराला जुंपता?" पण त्यांनी बांधून घेतले. चार मैलांवर एक बैल रस्त्यात आला. मी चाक फिरवलं, गाडी कडेच्या मऊ मातीत उतरली आणि सावकाश, अगदी विचार करून घेतल्यासारखी उलटू लागली. नट वाटेतच ढिले होत आले असणार. भार येताच कमान मागे निखळून पडली. शेताला उंच बांध होता म्हणून गाडी त्याच्यावर टेकली, नाही तर हे लिहायला मी उरलो नसतो. आम्ही दोघं पट्ट्यांत लटकत होतो. आमच्या डोक्यात आणि काळ्या मातीत वीतभर अंतर होतं. पाहुणे सभ्य माणूस. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, तरी म्हणाले, "आपण आता उतरायचं का?"

निरोप पोचला तसे भाऊजी आले, पाठोपाठ बैलजोडी घेऊन मिस्त्री. भाऊजींनी विचारलं, कमान सुटली कशी? पाहुणे शेजारी हात धरून बसले होते. मी म्हणालो, "निघण्याआधीच तर मिस्त्रींनी बसवली होती."

मिस्त्रींनी बोल्ट उचलून पाहिले. एकही वाकलेला नव्हता, एकाचेही आटे गेले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे. मग बोल्ट खिशात टाकले.

"ढिलं राह्यलं असन, साहेब," ते म्हणाले.

खोटं ते एक अक्षरही बोलले नाहीत.

माझं लग्न ठरलं. पाहुणे माझे साळे झाले आणि पुढे तीस वर्षं ही गोष्ट हसत हसत सांगत राहिले. मिस्त्रींचं मात्र हसू झालं नाही, त्याहून वाईट झालं. त्या वर्षी जिनिंगचे हेडमिस्त्री म्हातारपणामुळे काम सोडणार होते आणि त्यांच्या जागी घट्ट मिस्त्री येणार, हे सगळ्यांनी धरलं होतं. पण ज्यानं नट ढिला ठेवला, आणि तोही नवमीला पूजेचं हत्यार उचलून, त्याला हेडमिस्त्री कोण म्हणणार? नट ढिला राहिला हे एक वेळ माणसांनी सोडून दिलं असतं. हत्यार उचललं, हे त्यांनी सोडलं नाही. "पूजेतला पाना उठवला, मंग गाडी उलटन नाई त काय?" असं ज्यांना मिस्त्रींनी काम शिकवलं तेच बोलू लागले. भाऊजींनी नागपूरहून दुसरा माणूस आणला. पुढच्या पोळ्यानंतर घट्ट मिस्त्री सिंदी रेल्वे या गावी निघून गेले आणि बैलबंड्या, पाण्याची इंजिनं दुरुस्त करू लागले.

दहा-बारा वर्षांनी एकदा मी आणि पत्नी सिंदीला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. पत्नीला मिस्त्रींच्या बायकोनं, सारजाबाईंनी, आत नेलं. मागच्या छपरात मिस्त्री एका बंडीचं चाक पाहत होते. मी त्यांना सांगितलं, जे होतं ते सगळं.

"हे मलेच सांगून राह्यले का तुमी?" ते म्हणाले. "बोल्ट मी पाह्यले ना."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमचा साळा होणारा माणूस बाजूले बसला होता. पोरीचं लगन मोडलं असतं." मग चाकाकडे वळून, "अन् मी बोललो असतो त साहेबानं कोणाचं आयकलं असतं?"

त्यांनी चाक फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "गाववाल्यायचं जाऊ द्या. एक काम करा. आमच्या हिले सांगा. दारची कडी निघो, का बाजेची सुतळी ढिली होवो, हे म्हणते, 'हेबी नवमीलेच लावलं का?' बारा वर्सं झाली. जेवू देत नाई बाप्पा सुखानं."

आम्ही चहाला समोरच्या खोलीत बसलो. सारजाबाई बशी पुढे करत मला म्हणाल्या, "तुमी दोघं वाचले हेच नशीब. ह्यायच्या नटाचा का भरोसा?" मिस्त्री माझ्याकडे पाहत होते. माझी पत्नी शेजारी होती. मोडलेला खांदा तिच्या भावाचा होता. मी चहा प्यालो. मिस्त्रींनी थोडी वाट पाहिली आणि मग यंदा कपाशी कशी आहे, ते विचारलं.

एकदा खोटं बोललो तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, असं म्हणता येतं. या चहाला वयाची सबब नाही.

मिस्त्री गेल्याचं मला दोन वर्षांनी कळलं. साळे गेले, ताई-भाऊजी गेले, मागच्या साली पत्नी गेली. गप्प बसायची माझी सगळी कारणं अशी एकेक करून संपली, तेव्हा मी सिंदीला गेलो. सारजाबाई आता फार थकल्या आहेत, पण कान शाबूत आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी एवढं बोलो त्यायले," त्या म्हणाल्या, "अन् ते नुसते हासे. मले वाटे, चूक कबूल करून राह्यले."

मी हात जोडले. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. म्हणाल्या, "लिहून द्या. मले वाचता येत नाई, पण नातवाले येते. त्यालेबी मीच सांगितलं हाय ते नटाचं."

मी तिथेच बसून कागदावर लिहिलं: कमान मी काढली, नट मी बोटांनी लावले, नवमीला मिस्त्रींनी कुठल्याही हत्याराला हात लावला नाही, अपघातात त्यांचा काहीही दोष नव्हता. वकिलीत नापास झालेल्या माणसानं लिहावं तसं नीट लिहिलं आणि वाचून दाखवलं.

सारजाबाईंनी मान हलवली. "दोष नव्हता, हे खोडा. दोष नव्हता असं चोराबद्दलबी लिहितेत. काम चांगलं होतं, असं लिहा."

मी खोडलं आणि तसं लिहिलं.