मागची नोंद

गेल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता, शिफ्ट बदलायच्या वेळेला, मी एका भल्या माणसाचा चारचौघांत पाणउतारा केला. आठवडा झाला, पण अजून काही ते डोक्यातून जात नाहीये... म्हणून लिहितोय. मी कसा वागलो ते सगळ्यांना कळू दे.

मी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. सहा महिने झाले, मोबाईल ॲप बनवायला शिकतोय. गुरुवारी आमची सुट्टी, त्या दिवशी तळेगावला क्लास असतो. चार गोष्टी जमायला लागल्या आणि माझ्या अंगात आलं... म्हटलं, कंपनीसाठीच ॲप बनवू!

आमच्याकडे शिफ्ट बदलताना एक वही असायची. घरी जाणारा ऑपरेटर त्यात मशीनची तक्रार लिहायचा आणि खाली सही करायचा, म्हणजे येणाऱ्याला कळायचं. मी ती वही बंद करून टॅब आणला. पहिल्या स्क्रीनवर तक्रार लिहायची, दुसऱ्या स्क्रीनवर नाव टाकून सबमिट. दुसऱ्या स्क्रीनवर हौसेने एक बटण ठेवलं, ‘मागची नोंद’. दाबलं की आधीच्या शिफ्टने काय लिहिलंय ते वेगळ्या स्क्रीनवर दिसायचं.

मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मग काय विचारता राव, मी हवेतच!

आणि सोमवारी घोळ झाला. प्रेसच्या डायला, म्हणजे साच्याला, तडा गेलेला, तरी सेकंड शिफ्टने तसाच माल काढला. सगळी बॅच रिजेक्ट. फर्स्ट शिफ्टला त्या प्रेसवर होते सोपानकाका... कुरुळीचे, वीस वर्षं त्याच मशीनवर. मी ट्रेनी म्हणून आलो तेव्हा पान्हा कसा धरायचा हे मला त्यांनीच शिकवलं. मला कायम ‘लेका’ म्हणतात.

मंगळवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, तडा गेल्याचं लिहिलं का नाही? काका म्हणाले, “लिवलं व्हतं की.” मी ऐटीत टॅब उघडला. सोपानकाकांच्या नावासमोर स्पष्ट दिसत होतं... ‘तक्रार नाही’.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जीभ सुटली. म्हटलं, “काका, ॲप खोटं बोलत नाही. झेपत नसेल तर सांगा, तुमच्यासाठी जुनी वही काढून देतो.” सगळे खो खो हसले. मीही हसलो.

काकांनी माझ्याकडे बघितलं. “तसं आसंल साहेब,” एवढंच म्हणाले. त्यांनी मला साहेब म्हटलं ते मला तेव्हा खुपलंसुद्धा नाही... एवढा मी माजलो होतो. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना वॉर्निंग लेटर मिळालं.

गुरुवारी क्लासमध्ये मॅडम शिकवत होत्या, एका स्क्रीनवरून दुसरीवर जाताना काय होतं ते. म्हणाल्या, परत आल्यावर तुम्हाला वाटतं तीच स्क्रीन आहे, पण कधीकधी ती नव्याने बनलेली असते. आधीची माहिती तुम्ही सोबत पाठवली नाहीत, तर ती गेली.

मला काकांचं ‘लिवलं व्हतं की’ आठवलं. तिथेच लॅपटॉप उघडला. तक्रार लिहिली, पुढे गेलो, ‘मागची नोंद’ दाबलं, परत आलो, नाव टाकलं, सबमिट. आलं... ‘तक्रार नाही’. लिहिलेलं वाटेतच पुसलं गेलं होतं, आणि जागा रिकामी दिसली की ॲप आपोआप तसं टाकायचं.

आमची तरुण पोरं ते बटण कधीच दाबायची नाहीत, त्यांना घरी पळायची घाई. दाबायचे फक्त काका. सही करायच्या आधी एक पान मागे उलटून आधीच्या माणसाने काय लिहिलंय ते वाचायचं, ही त्यांची वीस वर्षांची सवय. ती चांगली सवयच त्यांना नडली, माझ्यामुळे.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. त्या दिवशी मी ॲप दुरुस्त केलं आणि ठरवलं... कुणाला सांगायचंच नाही. कोण बघणार आहे कोड?

शुक्रवारी शिफ्ट संपताना बघितलं, तर काका खिशातला कागद काढून त्यावरचं टॅबमध्ये उतरवत होते. मी विचारलं, हे काय? खाली मान घालून म्हणाले, “आता ध्यानात ऱ्हात न्हाई साहेब. मला वाटतं लिवलं, आन् लिवल्यालं नसतंय.”

अरे देवा... माणूस स्वतःच्याच डोक्यावर संशय घेऊन बसला होता!

मग मात्र राहवलं नाही. दोन्ही शिफ्टची माणसं उभी होती, साहेब होते. सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझ्या ॲपची आहे, काकांनी सगळं बरोबर लिहिलं होतं. या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी लेटर मागे घेतो म्हणून सांगितलं.

काकांचं लेटरकडे लक्षच नव्हतं. मला बाजूला घेऊन विचारलं, “म्हंजी... मी लिवलं व्हतं ना? नक्की?” मी म्हटलं, नक्की. तर खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. “मग येवढं आमच्या मंडळीला सांग. ती मला उद्या डागदरकडं न्यायची म्हणतीया.”

काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं बाबा सांगितलंस. तीन दिस झालं, गॅस बंद केलाय का म्हणून धा धा येळा बघून येत्यात.”

सगळ्यांसमोर माफी मागताना जमलं होतं, इथे डोळ्यांत पाणी आलं.

काकांनी फोन परत घेतला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “चल लेका, बस सुटंल.”

‘साहेब’ नाही म्हणाले... ‘लेका’ म्हणाले. माझी तेवढी लायकी नव्हती, तरी म्हणाले.