बगलेत गडवा

देशातला रोजगार का घटला यावर टीव्हीवर तज्ज्ञ तावातावाने भांडतात. त्यांनी इतवारीतल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात यायला हवं होतं. आमच्याकडून ती कारणं एकेक करून, बगलेत गडवा घेऊन बाहेर पडली. किस्से इतके साचलेत की कुठून सुरू करू!

सेठचा रिवाज होता. काम सोडून जाणाऱ्याला पितळी गडवा, म्हणजे तांब्या, त्यावर त्याचं नाव. एकदा आमच्याच दुकानात कामाला असलेल्या नारायणच्या मुलीच्या लग्नात सेठने कौतुकाने त्यालाच गडवा दिला, तर हा भर मांडवात रडायला लागला. "सेठ, माह्यं काय चुकलं जी?" सेठने गडवा परत घेतला, तेव्हा कुठे पंगत बसली!

*

नावं घालायचे गंगाधरजी, छिन्नी-हातोडीने. मग मशीन आलं आणि त्यांना काम उरलं नाही. निघायच्या दिवशी त्यांचा गडवा मशीनला लावला, तर त्यांनी तो ओढून घेतला आणि स्वतःचं नाव स्वतः ठोकत बसले. गिऱ्हाईक सोडून सेठही शेजारी बसून राहिले.

*

काउंटरवरच्या वंदनाताईच्या सासूला लकवा झाला. घरी दुसरं कोणी नाही, ताईचं काम सुटलं. सेठने तिच्या स्टुलावर वर्षभर कोणाला बसू दिलं नाही. मी कारण विचारलं.

"उद्या आली तं बसंल कुठी?"

*

कुहीचा प्रफुल्ल सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी निघाला. त्याला गडवा मिळालाच नाही. सेठ म्हणाले, तू सुट्टीवर आहेस. भरती काही निघेना, पण धनतेरसच्या गर्दीत पोरगा दरवर्षी हजर. ती सुट्टी अजून चालू आहे.

*

पुढे गिऱ्हाईकच मोबाइलवर भांडी मागवू लागलं. बाकीचेही एकेक करून गेले, उरलो सेठ आणि मी. दुकान बंद करायचं ठरलं. माझ्या वयात मला कोण ठेवणार? पण सेठने आधी भाच्याच्या दुकानात माझी सोय लावली, मग कुलूप विकत आणलं. माझी चूल त्या माणसामुळे पेटते, हे मी कुठेही सांगेन.

शेवटच्या दिवशी सगळे आले. गंगाधरजींनी सेठच्या हाती गडवा ठेवला, हाताने सेठचं नाव ठोकलेला. सेठचे डोळे भरले. पण व्यापारीच तो, गडवा उलटा करून बघितलाच.

"हा आपल्या दुकानातला नाही."

"ऑनलाइन मागवला जी," वंदनाताई म्हणाली.

"काहून वं? माह्यं दुकान उघडंच होतं ना!"

"तुमच्याकडून घेतला असता, तं तुम्ही पैसे घेतले असते काय?"