गुटख्याचा वैरी

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नागभीडकडच्या एका गावात मी हायस्कूलला मास्तर होतो. टीव्हीवर सिनेमाच्या मध्येच गुटख्याची जाहिरात लागायची. एक रुबाबदार गडी जीपमधून उतरायचा, दातानं पुडी फाडायचा आणि आजूबाजूच्या पोरी त्याच्याकडे पाहून खळखळून हसायच्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमची अर्धी पोरं दातानं काहीतरी फाडत असायची.

त्या पुडीचा मी वैरी होतो. माझा मोठा भाऊ तिच्यापायी गेला. आधी त्याला तिखट सोसेना, मग तोंड उघडेना, शेवटी गालात गाठ निघाली. त्यामुळे कंपनीची गाडी भोंगा वाजवत शाळेच्या फाटकाशी आली आणि फुकट टोप्या वाटायला लागली, तेव्हा माझं डोकं सटकलं. मी धावत जाऊन बोनेटवर हात आपटला.

"फुकट देऊन राह्यलो गुरुजी, तुमचं काय जाते?" ड्रायव्हर म्हणाला.

"माझी लेकरं जातात!" मी ओरडलो. गाडी गेली. मी मात्र त्यांचं एक पोस्टर हिसकावून ठेवलं होतं.

ते मी नववीच्या फळ्यावर चिकटवलं आणि इतिहासाचा तास बाजूला ठेवला. हा गडी खरंच गुटखा खात असेल, तर त्याचे दात एवढे पांढरे कसे? पोरी हसून राहिल्या, त्यांना पैसे कोणी दिले? धोक्याची सूचना मुंगीएवढ्या अक्षरात काऊन? पोरांनी जाहिरातीची सालं काढली. सगळ्यात पुढे एक ढिवराची पोर होती. तिचा बाप गावतलावात जाळं टाकायचा, ही कबड्डीत भल्याभल्यांना लोळवायची. "सर, हे आपल्याले येडं समजतात," असं ती उठून म्हणाली, तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतर काही महिन्यांनी ती मला हातपंपावर दिसली. डब्यातल्या भातावर मासोळीचा रस्सा होता आणि ती तो भात पाण्याखाली धरून रस्सा धुऊन काढत होती. भाऊही सुरुवातीला, तिखट सोसेना तेव्हा, असाच भात धुऊन खायचा.

मी तिला व्हरांड्यात बोलावलं. तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. भावाच्या वेळी डॉक्टरांनी हीच परीक्षा घेतली होती; धड तोंडात तिन्ही मावतात. तिनं जबडा ताणला, डोळ्यांत पाणी आलं. दोन गेली. तिसरं जाईना.

"पुडी खातेस?" माझा आवाज चढला.

"नाई जी सर. सोडली मी."

"खोटं बोलू नको!"

"खरंच सोडली. दोन वर्षं खाल्ली, पण तुम्ही ते पोस्टर शिकवलं न, त्या दिवसापासून एकही नाई. आईची आन."

ती खोटं बोलत नव्हती, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मग हे काय? मी म्हणालो, "मग आता काय खातेस?"

"खर्राच फक्त," ती सरळ म्हणाली. "तुम्ही खाता तोच."

आमच्याकडे खर्रा कुणी व्यसनात धरत नाही. पाहुणा आला की चहाच्या आधी खर्रा पुढे येतो. सुपारी, तंबाखू, चुना ठेलेवाला आपल्या डोळ्यांदेखत प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देतो. ना कंपनी, ना जाहिरात. ताजा माल. भाऊ गेला तो पुडीनं, असं आम्ही घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी रोज तीन खर्रे खायचो आणि सुट्टीत ते आणायला वर्गातली चपळ पोर म्हणून तिलाच ठेल्यावर धाडायचो. पोस्टरवर तावातावानं बोललो त्या तासालाही माझ्या गालात खर्रा होता. साऱ्या वर्गानं तो पाहिला होता.

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. तरी तोंडातून निघालं, "अगं, पण तो माझ्यासाठी होता..."

"चिमूटभर काढून घेत होती मी येता येता. पुडी वाईट हाय म्हणे, अन् सर हेच खातात, तं मले वाटलं हे चांगलं असंन."

ती घाबरून माझ्याकडे पाहत होती, आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं. मग तिनं हळूच विचारलं, "सर, तुमची जातात का जी तीन बोटं?"

इतक्या वर्षांत मी स्वतःवर कधी करून पाहिलं नव्हतं. तिच्यासमोर मी बोटं वर केली, तोंड उघडलं. दोन गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ती, तिची आई आणि मी नागपूरला दातांच्या दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, पेशंट कोण? मी दोन केसपेपर मागितले.