पाठीवर लाल शाईत

गेटवर झडती घेताना सिक्युरिटीच्या मावशींचा हात माझ्या पाठीवर थांबला.

"अगो, पाठीला काय चिटकवलंस? इंग्लिश हाय का?"

त्यांनी ओढून काढलं. पार्सलवर लावतात ते पांढरं लेबल. त्यावर लाल शाईत ‘ला पूबेल’. फ्रेंचमध्ये कचऱ्याचा डबा. पूर्णा गावातल्या त्या गोदामात, खालच्या मजल्यावर, ते वाचता येणारी मी एकटी.

"काय लिवलंय?"

"काय न्हाय मावशी. मालाचं नाव हाय."

खोटं बोलले. लाज वाटली म्हणून.

आमच्या गोदामात वरच्या मजल्यावर फ्रेंच बोलणाऱ्या मुली बसतात. परदेशातले फोन घेतात. मी खाली पॅकिंगला. मलाही वर जायचं होतं. म्हणून सकाळी ठाण्यात फ्रेंचचा क्लास, दुपारी शिफ्ट.

फ्रेंचमध्ये प्रत्येक वस्तू एक तर पुरुष, नाहीतर बाई. आपल्यासारखं ‘ते’ नाही. पुरुषाला ‘ल’, बाईला ‘ला’. ट्रक पुरुष, दार बाई. का, ते विचारायचं नाही, पाठ करायचं. मी प्रिंटरमधून वाया गेलेली लेबलं घ्यायचे. पुरुष निळ्या पेनाने, बाई लाल पेनाने लिहायचे. वहीत चिकटवायचे. पॅकिंग करताना पुटपुटायचे. सोबतच्या बाया म्हणायच्या, हिला लागिर झालंय.

क्लासमध्ये माझ्याशी कोणी बोलायचं नाही. डबा खाताना बाक रिकामा व्हायचा. त्या दिवशी सकाळी शेजारची मुलगी माझी वही बघून पहिल्यांदाच बोलली. "मस्त आयडिया आहे गं. दोन लेबलं दे ना मला." मी दहा दिली. वर लाल पेनही दिला. इतकी खूश झाले होते मी! निघताना तिने पाठीवर थापही मारली. मला वाटलं, मैत्रीण मिळाली.

ते लेबल पाठीवर घेऊन मी ठाण्याहून बसने गोदामात आले. कशेळीला ट्रॅफिकमध्ये तासभर उभी होते. मागे माणसं होती. एकानेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये लेबल मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "अगं, मस्करी केली असेल. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आणि खरं सांगू, तुला हे झेपतंय का? तू आधी इंग्लिश स्पीकिंग कर."

मागून खुसखुस. मी टेबलापासून हलले नाही.

"जिने लावलं तिला सॉरी म्हणायला सांगा. तोवर मी बसणार नाही."

"मग बाहेर जा."

"बाहेरपण जाणार नाही. फी मीसुद्धा भरलीये."

मॅडमनी शिकवायला सुरुवात केली. मी भिंतीला टेकून उभी राहिले, वही हातावर धरून सगळं उतरवून घेतलं. पाय सुजले. त्याच पायांनी शिफ्ट केली. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, सोड.

आता तिसरा महिना आहे. कोणी सॉरी म्हटलेलं नाही. मी रोज उभीच असते. मॅडम प्रश्न विचारतात, बाकीचे वह्या चाळतात, मी उत्तर देते. परीक्षा देणार. पास होणार. वर जाणार. पण त्या वर्गात, माफी मागितल्याशिवाय, मी खाली बसणार नाही.