रिपोर्टाला लावलेलं कुलूप

आख्ख्या मुलुंडात कॉम्प्युटरमधल्या फायलीला कुलूप लावावं तर मीच. मी सातवी नापास, रिपेरिंगच्या दुकानात हेल्पर, आणि माझं मेन काम म्हणजे जुन्या कॉम्प्युटरमधली धूळ ब्लोअरने उडवायची.

भंगारातनं जोडलेला असाच एक कॉम्प्युटर मी घरी आणला होता, त्यात विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स टाकलेलं. माझं लॉगिन वेगळं, बायकोचं वेगळं. ती त्यावर ब्लाऊजची डिझाइनं बघायची. आम्ही एकाच गल्लीत वाढलेलो, म्हणून आमचं अरे-तुरेच.

मग तिच्या गाठीचा रिपोर्ट आला, माझ्या मोबाइलवर. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, उशीर झालाय, पसरलंय. पेशंटला सांगायचं का ते तुम्ही घरच्यांनी ठरवा. आमच्याकडे असलं कोण सांगतं पेशंटला? माझ्या आईला शेवटपर्यंत अल्सर म्हणूनच सांगितलेलं. मी घरी येऊन म्हटलं, साधी गाठ आहे, गोळ्यांनी जाईल. वर एक जोक पण मारला.

मी घरी असलो की माझा मोबाइल तिच्याच हातात. म्हणून रिपोर्ट कॉम्प्युटरमधल्या दोघांच्या फोल्डरात टाकला, मोबाइलमधनं उडवला, आणि फायलीला कुलूप लावलं. दुकानात बघून बघून शिकलेलो. तीन आकडे द्यायचे. सात म्हणजे सगळी मुभा, शून्य म्हणजे काहीच नाही. एक आकडा मालकाचा, एक ग्रुपचा, एक बाकीच्यांचा. आता पहिला कोणाचा? मी डोकं लावलं. सोसायटीच्या गेटवर पहिला कोणाला अडवतात? बाहेरच्याला. म्हणून पहिलं शून्य, दुसरं शून्य, आणि शेवटचा सात माझा. मग उघडून बघितली. परमिशन डिनाइड! च्यायला, काय खुश झालो मी. मलाच उघडत नाही तर हिला काय डोंबल उघडणार.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला रिपोर्ट पाहिजे होता, तेव्हा अडलं. दुकानात सर्व्हरचं काम बघणारी एक मुलगी आहे, तिला विचारलं.

"काका, आकडे उलटे टाकलेत. पहिला मालकाचा असतो."

"असू दे ना. बाकीच्यांत मी पण येतोच की. मग उघडायला नको?"

"नाही येत. आत कर्नल नावाचा मेन प्रोग्राम असतो, सगळा कारभार त्याच्याकडे. कोणी फाईल मागितली की तो पहिलं बघतो, हा मालक आहे का? तुम्ही मालक. मग तो फक्त मालकाचा आकडा बघणार. शून्य. चल फूट. पुढचे आकडे तुमच्यासाठी बघतच नाही तो."

"आणि मालक नसेल तर?"

"तर ग्रुपमध्ये आहे का बघतो. तिथेही नसेल तर बाकीच्यांचा आकडा. तिकडे तुम्ही सात देऊन बसलात." ती हसायला लागली. "म्हणजे तुम्ही सोडून कोणीही उघडा! घरात बाकीचं कोण आहे, काका?"

मी ब्लोअर तसाच चालू ठेवला आणि उठलो. सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं.

घरी चालत निघालो आणि ते पंधरा दिवस एकेक करून डोळ्यासमोर यायला लागले. तिने मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मला समोर उभा करून कुकर लावायला शिकवलेलं, शिट्ट्या मोजायला लावलेल्या. माझ्या सगळ्या शर्टांची बटणं एका दुपारी पक्की केलेली. आणि मी? मी नाक्यावर सांगत फिरत होतो, बायको मला सासरी पाठवायची तयारी करतेय.

ती खाली बसून गवार निवडत होती. मी दारातच म्हटलं, "ती फाईल..."

"वाचली. तू टाकलीस त्याच दिवशी. दोन शब्द कळले नाहीत, ते शोधून बघितले."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू रोज एवढी मेहनत करून जोक मारत होतास. काय बोलू?"

चपला पण काढल्या नव्हत्या मी. तिथेच बसलो आणि भोकाड पसरलं. आजारी ती, आणि नाक माझं वाहतंय. तिने गवारीची परात बाजूला सरकवली, मला वाटलं जवळ घेईल.

"हे असं करशील म्हणूनच नाही बोलले," ती म्हणाली. "ऊठ. तुला सांभाळत बसायला आता मला टाइम नाही."