आगबोटींचे फोटो आणि तो फोन

फोन आला तेव्हा मी गच्चीवर उन्हात बसून निगेटिव्हवरची धूळ झटकत होतो. जयपूरच्या थंडीत सकाळी दहानंतर कुठे अंगात ऊब येते. समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलीचं लग्न होतं, त्याआधीच्या कुठल्याशा विधीसाठी बायको त्यांच्याच गाडीतून जयपूरबाहेर चौमूं गावाला गेली होती. मुलगी ऑफिसात. दुर्गापुऱ्यातल्या आमच्या घरात मी एकटाच होतो.

पलीकडचा माणूस हिंदीत, फार अदबीने बोलत होता. आपण तपास खात्यातून बोलतोय, तुमच्या नावाचं परदेशी निघालेलं एक पार्सल अडवलंय, त्यात आक्षेपार्ह साहित्य सापडलंय, एवढंच तो म्हणाला.

"फोटो?" मी विचारलं.

तो क्षणभर थांबला. "जी, फोटो."

तो शब्द मीच त्याच्या तोंडात घातला होता, हे माझ्या लक्षात यायला दुसरा दिवस उजाडावा लागला. त्या वेळी माझा लगेच विश्वास बसला. कारण महिन्याभरापूर्वी मी खरोखरच एक पाकीट परदेशी पाठवलं होतं. तिकडे जुन्या आगबोटींची माहिती जमवणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांना माझे बारा फोटो हवे होते.

बंदरांचे आणि आगबोटींचे फोटो काढणं हा माझा जवळपास साठ वर्षांचा नाद. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा बंदरगावात मी वाढलो. मुंबईची बोट आमच्या किनाऱ्याला लागत नसे. ती लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून तिच्यापर्यंत न्यायचे. लाटेबरोबर पडाव वर गेला की बोटीच्या दारातला खलाशी हात पुढे करायचा आणि तेवढ्या क्षणात तो धरून वर चढायचं. आई त्या वेळी डोळे मिटून घ्यायची. मी उघडे ठेवायचो. तेरा वर्षांचा असताना मामाने त्याचा जुना बॉक्स कॅमेरा दिला, त्यावर पहिला फोटो त्या बोटीचाच काढला. धुऊन आला तेव्हा बोट तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती. तो मी वर्षभर दप्तरात घेऊन हिंडलो.

पुढे विमा कंपनीत लागलो. बाकीचे घराजवळ बदली मागायचे, मी बंदराचं गाव मागायचो. साहेबांना यात काहीतरी लबाडी आहे असं वाटायचं. शेवटची बदली मात्र जयपूरला झाली, मुलीला इथेच नोकरी लागली आणि आम्ही राहिलो. समुद्राचं काय करणार, असं सगळे विचारत. पण कोकणात दर पावसाळ्यात माझ्या निगेटिव्हना बुरशी खायची. इथल्या कोरड्या हवेत आल्यापासून एकही गेली नाही. धूळ तेवढी रोज झटकावी लागते.

त्या निगेटिव्हमध्ये एक पट्टी अशी होती, की तिच्याबद्दल मी कुणाशीच बोललो नव्हतो.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, लग्न व्हायचं होतं. पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात मोठी जहाजं ओढून धक्क्याला लावणारी, वाफेवर चालणारी एक टगबोट लवकरच मोडीत निघणार होती. ओळखीने आत शिरलो. मी कोकणातला आहे हे कळल्यावर बॉयलरवर कोळसा टाकणारा एक पन्नाशीचा माणूस पुढे आला. आमच्याच तालुक्यातला निघाला. "मग वर काय उभा राहिलास? खाली ये," म्हणाला. खाली कानठळ्या बसवणारा आवाज आणि अंग भाजेल अशी हवा. त्याने भट्टीचं दार उघडलं, फावडं हातात घेऊन तो न हलता उभा राहिला आणि त्याच उजेडात मी अर्धा सेकंद शटर उघडं ठेवलं. मग त्याने सिगारेटच्या पाकिटावर घरचा पत्ता लिहून दिला. आपण काय काम करतो ते बायकोने कधी पाहिलेलं नाही, तेव्हा एक प्रत तिला पाठव, असं त्याने सांगितलं. मी कबूल केलं.

वर येऊन मी धक्क्यावरून पूर्ण टगबोटीचा फोटो घेतला. रोल तिथे संपला. तो खिशात टाकून दुसरा भरला, कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला आणि पहारेकऱ्याची शिट्टी वाजली. टगबोटीच्या मागे नौदलाच्या धक्क्याला दोन राखाडी युद्धनौका उभ्या होत्या. मला त्या दिसल्याच नव्हत्या, असं आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

एका खोलीत मला चार तास बसवून ठेवलं. अधिकाऱ्याने कॅमेऱ्यातला रोल ओढून उजेडात धरला. मग एक कागद पुढे केला: याखेरीज माझ्याजवळ इथले कोणतेही फोटो नाहीत. खिशातला रोल मांडीला टोचत होता. मी सही केली.

घरी येऊन न्हाणीघरात अंधार करून तो रोल मीच धुतला. एका पट्टीवर चौथा फोटो त्या माणसाचा होता आणि सहावा टगबोटीचा, मागे त्या युद्धनौकांसकट. पट्टी तशीच पाकिटात घातली. तिची प्रत काढली नाही, कुणाला पाठवली नाही. टपालात पाकीट फुटलं तर, कुणी विचारलं तर, सही केलेला कागद कुणी पुढे आणला तर. पत्ता लिहिलेलं सिगारेटचं पाकीटही कुठल्याशा बदलीत हरवलं. गावाचं नाव तेवढं लक्षात राहिलं.

हे सगळं त्या सकाळी फोनवर एका शब्दाने जागं झालं.

पुढे व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर गणवेशातला माणूस, मागे झेंडा. नीट शर्ट घालून बसा, फोन बंद करायचा नाही, कुणाला कळवायचं नाही, कळवलंत तर घरच्यांनाही यात घ्यावं लागेल, असं त्याने बजावलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला, वरचं बटणसुद्धा लावलं, आणि साखरेच्या डब्याला फोन टेकवून जेवणाच्या टेबलाशी बसलो. तो विचारत गेला, मी सांगत गेलो. कोणकोणती बंदरं, किती फोटो, कुणाकुणाला दाखवले. मध्ये बायकोचा फोन येत होता. तो उचलायचा नाही, असा हुकूम होता. तीनदा वाजून बंद झाला. मी नुसता पाहत राहिलो.

मग त्याने विचारलं, घरात आणखी काही लपवलंय का?

सत्तरी उलटलेला मी, शाळेतल्या पोरासारखा बोलून गेलो, "एक आहे."

"लेकर आइए."

मी आतल्या खोलीत गेलो. ट्रंकेतून पाकीट काढलं. पट्टी दोनदा हातातून निसटली. पट्टीच नसेल तर पुरावाही नसेल, एवढंच डोक्यात होतं. स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला आणि पट्टी चिमट्यात धरून आचेवर नेली. कात्रीने सहावा फोटो तेवढा कापता आला असता. ते सुचलंच नाही. पट्टी वळली, काळी पडली, वितळून शेगडीवर टपकली. घरभर जळका, आंबूस वास पसरला.

परत येऊन बसलो आणि पट्टी सापडत नाही असं सांगायची तयारी केली. पण त्याने पट्टीबद्दल विचारलंच नाही. तुमच्या ठेवी कुठल्या बँकेत आहेत, असा त्याचा पुढचा प्रश्न होता.

मी उभी हयात विमा कंपनीत काढली, फसवणुकीचे दावे तपासले. त्या प्रश्नासरशी मला सगळं कळलं. ह्या माणसाला माझ्या बंदरांशी, बोटींशी काही देणंघेणं नाही. कळलं, तरी लाल बटणाकडे हात जाईना. तो प्रश्न पुन्हा विचारत होता. उत्तर दिलं असतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

तेवढ्यात दाराशी किल्ली फिरली. तीन वेळा फोन उचलला नाही म्हणून बायको कार्यक्रम अर्ध्यावर टाकून, मिळेल त्या गाडीने चौमूंहून परतली होती. तिने माझा शर्ट पाहिला, समोरचा फोन पाहिला, पुढे येऊन तो बंद केला आणि उलटा ठेवला.

"अहो, जळलं काय?" तिने विचारलं.

मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तिने शेगडी पाहिली, खिडक्या उघडल्या आणि मुलीला फोन लावला.

संध्याकाळी मुलगी आम्हाला पोलिसांकडे घेऊन गेली. वाटेत ती सारखी म्हणत होती, "बाबा, मतलब तुम्ही पूर्ण दिवस तसेच बसून होता?" पोलिसांकडे एका तरुण अधिकारी बाईंनी तक्रार लिहून घेतली. याला डिजिटल अरेस्ट म्हणतात, असे लोक रोजच येतात, लाज वाटून घेऊ नका, असं त्यांनी समजावलं. मुलगी पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा मी चाचरत त्या जुन्या फोटोचं आणि सहीचं विचारलं. बाईंनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"अंकल, वो जहाज़ तो कब के कबाड़ में गए होंगे," त्या हळूच म्हणाल्या आणि पुन्हा लिहू लागल्या.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती टगबोट, तो माणूस, ती सही, सहाही फोटो.

"आज फोन आला तेव्हा मला का नाही कळवलंत?"

"कुणाला सांगायचं नाही, असं तो म्हणाला होता."

"आणि इतकी वर्षं? तेव्हा कोण म्हणालं होतं?"

ती उठली आणि शेगडीवर चिकटलेलं सुरीने खरवडू लागली. मी करतो म्हटलं, तर मला करू दिलं नाही.

त्यानंतर महिनाभर ट्रंक उघडायचा धीर झाला नाही. अनोळखी नंबर दिसला की फोन मुलीच्या हातात देतो. ती आता सुट्टीच्या दिवशी माझ्या बाकीच्या निगेटिव्ह स्कॅन करते आणि दर वेळी विचारते, बाबा, यात आणखी काही लपवलेलं नाही ना? थट्टेने विचारते, तरी मी प्रत्येक पट्टी उजेडात धरून पाहतो.

त्या माणसाचा चेहरा आठवायचा मी प्रयत्न करतो. भट्टीचा उजेड आठवतो, फावडं आठवतं. मिशा होत्या का, याची खात्री देता येत नाही. फोटो आहे या भरवशावर मी तो चेहरा कधी लक्षातच ठेवला नव्हता.

गावाचं नाव आठवतंय तर उन्हाळ्यात जाऊन येऊ, असं बायको म्हणते. त्याचं घर सापडेल, मुलंनातवंडं असतील. पण रिकाम्या हाताने जाऊन मी त्यांना काय दाखवू? सांगायचं, ती म्हणते. दार उघडणाऱ्या माणसाला पहिलं वाक्य काय म्हणायचं, ते मी रोज मनात जुळवून पाहतो. तिकिटं अजून काढलेली नाहीत.