तांब्याच्या तारेची गाठ

कुठलीही लाकडी वस्तू दिसली की फिटरसाहेब आधी नखाने टकटक करून पाहत. दार, पाट, खाटेचा पाय, काहीही. मग कान तिरका करून म्हणत, "आवाज हाय. पण अजून थोडं बाकी हाय."

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या शिलाई मशीनच्या फळीवर त्यांनी अशीच टकटक केली. मी आत निघून गेले. परक्या माणसासमोर उभं राहायची मला सवय नव्हती. आजही फारशी नाही.

ते अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनात फिटर होते. माझे मालक एका गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. जयंतीला आणि लग्नकार्यात ही पार्टी गावोगाव जायची, आणि तिच्यात गिटार घेऊन हे फिटर बसायचे.

विजेवरची गिटार त्यांनी अमरावतीला एका ऑर्केस्ट्रात पाहिली होती. तसली घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून बंद पडलेल्या एका बँडकडून त्यांनी जुनी लाकडी गिटार घेतली आणि तीच विजेवरची करायला बसले. आधी खुंट्या बदलल्या, मग पोलादी तारा चढवल्या. मग कुठल्यातरी मोडक्या फोनचा कानाला लावायचा भाग तारांखाली बसवला आणि चौकातल्या हॉटेलच्या रेडिओला मागून जोडून पाहिला.

"फिटरसाहेब, बातम्या तं आयकू द्या लोकायले!" हॉटेलवाला ओरडायचा.

"बातम्या उद्याबी येतीन. हे आयक," ते म्हणायचे. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात लोखंडी नळी. ती तारांवरून सरकली की सूर रडल्यासारखा लांबत जायचा. पण फार बारीक.

पार्टीत अडचण तीच होती. समोर माइक ठेवला तर त्यात ढोलकीच आधी शिरायची. शेवटी म्होरक्यांनी स्पष्ट सांगितलं, "हिवरखेडच्या कार्यक्रमात तुमी आयकू आले तं ठीक. नाही तं मी पेटीवाला घेतो."

त्या आठवड्यात फिटर आमच्याकडे आले. हातात पुठ्ठ्याची चपटी रीळ आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं भेंडोळं. फोनच्या त्या भागाच्या जागी ही रीळ लोहचुंबकासह बसवायची होती, पण त्याआधी तिच्यावर तारेचे हजारो वेढे हवे होते.

"वहिनी, मशीनवर बॉबिन भरता नं, तशी हे भरून द्या. माहा हात जड हाय, तुटते."

मी मान हलवली. दोन दुपारी मशीनच्या बॉबिनच्या दांडीवर ती रीळ बसवून मी हळूहळू तार भरली. दुसऱ्या दुपारी तार तुटली. मी काय केलं असेल, हे शिवणकाम करणाऱ्या बायका लगेच ओळखतील. दोन्ही टोकं धरली, बारीक गाठ मारली आणि पुढे भरत गेले. त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून तुटली, हे सांगायची लाज वाटली.

हॉटेलच्या रेडिओवर ती गिटार अशी वाजली की गिऱ्हाईकं चहा घ्यायची थांबली. पण तेल्हाऱ्यापर्यंत मोटार आणि पुढे बैलगाडी, असे धक्के खात ती हिवरखेडला पोचली आणि लाउडस्पीकरच्या मशीनला जोडल्यावर मुकीच राहिली. ते सगळ्या लोकांसमोर नळी सरकवत राहिले. पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "काहून बाप्पा, इस्त्री करून राहिला का?" सारा मंडप हसला. हे मला मालकांनी घरी येऊन सांगितलं. सांगताना तेही हसले.

दुसऱ्या दिवशी फिटर आमच्या ओसरीवर बसून रीळ उलगडू लागले. मालक आत होते. मी मशीनवर होते, पण सुई चालत नव्हती. वेढा सुटत होता, तार जमिनीवर साचत होती आणि गाठ जवळ येत होती.

"भाऊजी," मी म्हटलं. "तार तुटली होती. मी गाठ मारली."

त्यांच्याशी बोललेलं माझं हे पहिलं पूर्ण वाक्य.

त्यांनी गाठ शोधली, उजेडात धरली. "गाठ मस्त हाय," ते म्हणाले. "पण ह्या तारेवर लाखेचा लेप रायते, वहिनी. खरवडल्याबिगर करंट जात नाही. टोकं कुठंतरी टेकले होते म्हणून हॉटेलात वाजलं, गाडीचे धक्के लागले अन् सुटलं. सांगलं काहून नाही?"

मी जमिनीवर साचलेली तार गोळा करू लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी म्होरके आले. बिघाड कशाचा, म्हणून विचारलं. मी दाराआड उभी होते.

"माहाच जोड कच्चा होता," फिटर म्हणाले.

पेटीवाला आला. वर्षभर त्यांना पार्टीत जागा नव्हती.

त्या वर्षात आम्ही ती रीळ पुन्हा भरली. तार चार वेळा तुटली. चारही वेळा मी मोठ्याने हाक मारली आणि त्यांनी टोकं ब्लेडने खरवडून, पीळ देऊन, कथलाचा डाग दिला. पुढच्या जयंतीला वलगावला त्यांनी म्होरक्यांकडून एका गाण्यापुरती जागा मागून घेतली. मी बायकांत बसले होते. ढोलकीच्या वरून, पेटीच्या वरून तो लांब सूर मागच्या रांगेपर्यंत आला. सोबत थोडी घरघरही होती.

"आता आयकू येते," म्होरके म्हणाले.

"घरघर हाय. अजून थोडं बाकी हाय," ते म्हणाले.

पुढे जिन बंद पडला आणि ते गिटार घेऊन नागपूरकडे कुठल्या कारखान्यात गेले. वर्षभर पत्रं आली, मग थांबली. गाठीचं त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मालकांनाही नाही. मीही नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

तेवढे वेढे भरून माझ्या मशीनचं बॉबिन फिरवायचं रबर झिजलं. ते मध्येच घसरतं आणि दोरा सैल भरतो. नवीन आणायचं अजून बाकी आहे.